गिऱ्हाइकांना वायफाय द्या, पण गल्ल्याची वाट वेगळी ठेवा

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

सांगलीत विश्रामबागेत आमचं छोटं कॅफे आहे. वडिलांचं कोल्ड्रिंक हाउस होतं, ते मी आणि भावाने बदललं. ९ टेबलं, २८ खुर्च्या. बहुतेक गिऱ्हाईक म्हणजे इंजिनीअरिंगची मुलं. १०० एमबीपीएसचं घरगुती फायबर कनेक्शन घेतलंय आणि पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवलाय. साडेपाच वाजले की नेट इतकं रखडतं की आमचंच बिलिंग अडतं, ऑर्डर घ्यायचे टॅब नुसते फिरत राहतात. शेजारच्या गॅरेजातली पोरंही आमच्याच नेटवर असतात. एका एजंटाने ओटीपी लॉगिनची सिस्टीम ४५ हजारांत सांगितली. भाचा म्हणतो, मावशी, मी फुकटात बनवून देतो. भाऊ म्हणतो, पासवर्डच काढून टाक, रोज रोज कोण सांगत बसणार. आणि एका कोल्ड कॉफीवर तीन तास बसणाऱ्यांचं काय करायचं, तेही सांगा.
एक वाचक, सांगली

ताई,

तुमची तक्रार स्पीडची आहे, पण पत्र वाचताना मला धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ऑर्डरचे टॅब, बिलाचा कॉम्प्युटर आणि २८ खुर्च्यांवरचे फोन, सगळं एकाच वायफायवर, एकाच पासवर्डवर. तो पासवर्ड फळ्यावर. आणि समोर बसलेली मंडळी इंजिनीअरिंगची.

नेटवर्क स्कॅन करणारं अ‍ॅप फोनवर टाकायला दोन मिनिटं पुरतात. त्यात तुमचा बिलाचा प्रिंटर दिसतो, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डीव्हीआर दिसतो, टॅब दिसतात. डीव्हीआरला बसवणाऱ्याने ठेवलेलाच पासवर्ड अजून असेल, तर कॅमेरे बघायलाही फार अक्कल लागत नाही. किचनमधला थर्मल प्रिंटर तर बहुधा कसलाच पासवर्ड मागत नाही. नेटवर्कवरून जे येईल ते छापतो. कुणाच्या मनात वाईट असेलच असं नाही. पण मित्राच्या वाढदिवसाला किचनमध्ये ४० पिझ्झांची चिठ्ठी छापून दाखवण्याचा मोह त्या वयात कुणाला होणार नाही?

म्हणून पहिलं काम एकच: गिऱ्हाइकांचं नेट आणि दुकानाचं नेट वेगळं करा. बाकी सगळं त्यानंतर.

नेटवाल्याने बसवलेल्या डब्यातही दुसऱ्या नावाचं वायफाय काढता येतं, आणि बरेच जण तेवढं करून निश्चिंत होतात. नाव वेगळं असलं म्हणून आतली वाट वेगळी झाली असं नाही. पुष्कळदा दोन्ही नावं आतून एकाच नेटवर्कला जाऊन मिळतात. तेव्हा एक चांगला ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालणारा) राउटर वेगळा घ्या, साधारण दोन-तीन हजारांत मिळतो. घेताना तीन गोष्टी विचारा: त्यात गेस्ट नेटवर्क आहे का, गेस्टमधल्या फोनना एकमेकांपासून आणि दुकानाच्या नेटवर्कपासून तोडता येतं का, आणि गेस्टला स्पीडची मर्यादा घालता येते का. तिन्हीला हो मिळालं तरच पैसे द्या. मग नेटवाल्याच्या डब्यातलं वायफाय पूर्ण बंद करून त्याची केबल या राउटरला जोडा. बिलाचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर जमेल तितके वायरनेच जोडलेले ठेवा. टॅबसाठी दुकानाचं वेगळं वायफाय, ज्याचा पासवर्ड तुम्ही, भाऊ आणि फार तर मॅनेजर एवढ्यांनाच माहीत असेल.

घरात जुना राउटर पडून आहे म्हणून तोच वापरायचा असेल, तर एक खबरदारी घ्या. लोक नेमकं उलटं करतात: जुना राउटर नेटवाल्याच्या डब्याच्या पुढे जोडतात, त्यावर गिऱ्हाइकांना बसवतात आणि दुकान मूळ डब्यावरच ठेवतात. पण नंतर जोडलेल्या, म्हणजे आतल्या राउटरवरून मूळ डब्याकडे जायला वाट मोकळी असते. मूळ डब्याकडून आतल्या राउटरमध्ये शिरायला नसते. म्हणजे गिऱ्हाईक मूळ डब्यावर आणि दुकान आतल्या राउटरवर, असंच जोडायला हवं.

जोडणी झाली की स्वतः तपासा. तुमचा फोन गिऱ्हाइकांच्या वायफायवर घ्या, ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका (बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१), मग नेटवाल्याच्या डब्याचाही पत्ता टाका. दोन्हीपैकी कुठलंही लॉगिनचं पान उघडलं तर काम अर्धवट आहे. नेटवाल्याच्या डब्याचं उघडतंच असेल तर निदान त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, किंवा वेगळा राउटर घेतला असेल तर कंपनीला तो डबा ब्रिज मोडवर (म्हणजे डबा फक्त नेट पुढे देईल, बाकी काम तुमचा राउटर करेल) टाकून द्यायला सांगा. डब्यावरचं डब्ल्यूपीएसचं बटण आठवणीने बंद करा. भिंतीवर लावलेल्या राउटरवरचं एक बटण दाबून कुणीही आत येऊ शकणार असेल, तर पासवर्डला काही अर्थ उरत नाही.

आता संध्याकाळच्या रखडण्याबद्दल. १०० एमबीपीएस तुम्हाला कमी नाहीत. एक एचडी व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएस खातो, आणि २८ जण एकाच वेळी व्हिडिओ बघत नाहीत. मुलं कॉलेजातून येतात, फोन वायफायला लागतो आणि 'वायफाय मिळालं की करू' म्हणून दिवसभर थांबलेली सगळी कामं एकदम सुरू होतात: फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट, लॅपटॉपवर विंडोजचे अपडेट. पोराला त्याचा पत्ताही नसतो, तो मेसेज वाचत बसलेला असतो. त्यात बॅकअपने अपलोडची बाजू भरून गेली की डाउनलोडही अडखळतं. अशा वेळी २०० किंवा ३०० चा प्लॅन घेतला तर तोही तेच अपडेट खाऊन टाकतील. त्याऐवजी गेस्टला मिळून ६० ते ७० एमबीपीएसची मर्यादा घाला, आणि राउटर देत असेल तर प्रत्येक फोनला ४-५ ची; अपलोडलाही वेगळी मर्यादा ठेवा. उरलेलं तुमच्या बिलिंगचं. त्याला खरं तर २ एमबीपीएससुद्धा पुष्कळ होतात, फक्त ते हमखास मिळायला हवेत.

दुसरं कारण तुमच्या डब्याच्या जागेत असू शकतं. पत्रात लिहिलेलं नाही, पण दुकानांत तो सहसा गल्ल्याखालच्या स्टीलच्या कप्प्यात किंवा फ्रीजच्या मागे कोंबलेला असतो. पत्रा आणि फ्रीज दोन्ही लहरी अडवतात. मायक्रोवेव्ह तर २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे सँडविच गरम होत असताना शेजारच्या टेबलावरचं नेट तुटलं तर नवल नको. राउटर उंचावर, हॉलच्या साधारण मधोमध, उघड्यावर बसवा. गिऱ्हाइकांना शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर घ्या. तो पट्टा भिंतीपलीकडे फारसा पोहोचत नाही, आणि तुमच्यासारख्या एका हॉलच्या जागेत तोच त्याचा फायदा. गॅरेजचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. २.४ चालू ठेवायचा असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो आजूबाजूला कमी वापरात असेल तो, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. बऱ्याच राउटरमध्ये सिग्नलची ताकद कमी-जास्त करायची सोय असते, ती मध्यमवर आणून बघा. कोपऱ्यातल्या टेबलावर नीट मिळतंय ना, एवढं पाहा.

आणखी एक बारीक गोष्ट, जी नेट बसवणारे सहसा बघत नाहीत. राउटर प्रत्येक फोनला एक पत्ता देतो आणि तो बहुधा २४ तास राखून ठेवतो. घरात चालतं. तुमच्याकडे दिवसभरात येऊन गेलेले फोन पत्ते अडवून बसतात आणि संध्याकाळी नव्याने आलेल्याचा फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' यावरच अडकतो. राउटरच्या डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटण्याच्या सेटिंगमध्ये ही मुदत दोन तासांवर आणा.

फळ्यावरचा पासवर्ड पुसा. तो बिलावर छापा, किंवा टेबलावरच्या मेन्यूत ठेवा, आणि आठवड्याला बदला. रोज बदलायच्या भानगडीत पडू नका. चौथ्या दिवशी कंटाळून पुन्हा फळ्यावर लिहाल. इंग्रजी छोट्या अक्षरांत, चिन्हं नकोत, शून्य आणि 'ओ' एकत्र नकोत. किमान आठ अक्षरं लागतात, तेव्हा 'गरमभडंग' इंग्रजी अक्षरांत लिहिलं तरी सांगलीत कुणाला स्पेलिंग विचारावं लागणार नाही. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा, म्हणजे जुने फोनही चालतील. वायफायचा क्यूआर कोड फोनच्या सेटिंगमधूनच तयार होतो, तो टेबलांवर लावा. गल्ल्यावर, पैसे घ्यायच्या क्यूआरशेजारी मात्र अजिबात नको. घाईत लोक पेमेंटच्या अ‍ॅपने वायफायचा कोड स्कॅन करतात, ते चालत नाही, आणि मागे रांग खोळंबते.

भावाच्या म्हणण्याबद्दल. पासवर्ड काढायचा नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास पोहोचला तो नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन रहिवाशाच्या घरच्या वायफायपर्यंत. कुणीतरी त्याचं असुरक्षित कनेक्शन वापरलं होतं. त्याचा त्यात हात असल्याचं काही निघालं नाही, पण पोलिसांच्या चौकशीतून तो सुटला नाही, कारण आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची कनेक्शनची ओळख, त्याच्या नावावर होता. तुमच्या कॅफेचा आयपी पत्ता कुणाच्या नावावर आहे, हे भावाला विचारा.

त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या. सार्वजनिक ठिकाणी वायफाय देताना वापरणारा कोण हे कळलं पाहिजे: ओळखपत्राची प्रत घेऊन, नाहीतर मोबाइलवर एसएमएसने पासवर्ड पाठवून. नोंद वर्षभर ठेवायची. रेल्वे स्टेशनवरच्या वायफायला आधी मोबाइल नंबर द्यावा लागतो, तो यासाठीच. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्यात 'सायबर कॅफे'ची जी व्याख्या आहे ती कॉम्प्युटर मांडलेल्या दुकानापुरती नाही. व्यवसायाच्या ओघात लोकांना इंटरनेट वापरू देणारी कुठलीही जागा त्यात बसू शकते. कोल्ड कॉफी विकणारीसुद्धा.

गावोगावच्या कॅफेंत नुसता पासवर्ड देऊन काम चालतं, हे मलाही दिसतं. पण तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो, ओळख पटवून देणं हाच योग्य मार्ग आहे. फक्त त्यासाठी गल्ल्यावर वही ठेवून नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेऊ नका. मुलींचे नंबर भरलेली उघडी वही कॅफेत पडून असणं, याच्याइतकी वाईट कल्पना मला सुचत नाही. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर लोकांचे नंबर जमवणाऱ्याची जबाबदारीही वाढली आहे. नंबर ज्याने सांभाळायचे त्यानेच घ्यावेत, तुमच्याकडे येऊच नयेत.

इथेच भाच्याला थांबवावं लागेल. पोरगा हुशार असेल, मायक्रोटिकचा राउटर घेऊन लॉगिनचं पान तो एका रविवारी उभंही करेल. पण ओटीपी पाठवायला व्यावसायिक एसएमएस लागतो, त्यासाठी डीएलटीवर (असे एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेवर) नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो. वर नोंदी वर्षभर सांभाळायच्या. तोवर त्याची कॅम्पस मुलाखत होऊन तो पुण्याला गेलेला असेल, आणि बिघाड झाला की तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या सुट्टीची वाट बघत बसाल. त्याला राउटर बसवायला लावा, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करायला लावा, वर सांगितलेली तपासणी करायला लावा. त्यात त्याची हुशारी कामी येईल.

एजंटाचे ४५ हजारही देऊ नका. ती सिस्टीम हॉटेलच्या मजल्या-मजल्यांवर बसवायची असते. तुम्हाला दोन स्वस्त वाटा आहेत. एक म्हणजे तुमचीच इंटरनेट कंपनी दुकानांसाठी ओटीपीचं लॉगिन देते का, ते विचारणं. त्यात लॉगिन आणि नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. दुसरी पीएम-वाणीची. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सार्वजनिक वायफायची ही योजना मंजूर केली. तिच्यात तुमच्यासारखं दुकान 'पब्लिक डेटा ऑफिस' म्हणजे पीडीओ होतं, त्याला ना परवाना लागत ना सरकारी फी. ओळख पटवणं आणि हिशेब ठेवणं हे काम वरची नोंदणीकृत कंपनी करते, तिला पीडीओए म्हणतात. वायफाय फुकट द्यायचं की पाच-दहा रुपयांचं कूपन ठेवायचं, हे तुम्ही ठरवायचं. अडचण एवढीच की गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये त्याचं अ‍ॅप असावं लागतं, आणि कॉफीपुरतं अ‍ॅप घ्यायला मुलं कुरकुर करतात. तुमच्याकडे तीच तीच मुलं रोज येत असतील तर एकदाच घ्यायचंय, चालून जाईल. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, जिथे रोज नवी माणसं, तिथे मी ही वाट सुचवली नसती.

पीएम-वाणीचा तुम्हाला आणखी एक उपयोग आहे. घरगुती प्लॅन दुकानात लावून लोकांना वाटणं बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही, आणि 'अमर्याद' म्हणून विकलेल्या घरगुती प्लॅनलाही बहुधा महिन्याची डेटामर्यादा असते. ती ओलांडली की स्पीड एकदम खाली येतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तुमचं नेट जास्तच रखडत असेल तर हे आधी तपासा. दुकानाच्या नावाने प्लॅन मागितला की काही जण चौपट-पाचपट दर सांगतात. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने जून २०२५ मध्ये यावर मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओंना घरगुती दराच्या दुपटीहून महाग लावता येत नाहीत. म्हणजे घरी ७०० रुपयांना मिळणारा प्लॅन तुम्हाला फार तर १४०० ला.

ओटीपी घ्यायचं ठरलं तर आधी एक करा: कॅफेच्या सगळ्यात आतल्या टेबलावर बसून वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमला रेंज येते का बघा. रेंज नाही म्हणून ज्याला वायफाय हवंय, त्याला ओटीपीही येणार नाही.

तीन तास बसणाऱ्यांचा प्रश्न वायफायवर ढकलू नका. हल्ली मुलांच्या फोनमध्ये रोजचा डेटा असतोच. तुम्ही नेट तोडलं तर ती हॉटस्पॉटवर बसतील. माणूस किती वेळ बसतो हे नेटपेक्षा प्लग पॉइंटवर ठरतं. लॅपटॉपचं चार्जिंग संपलं की तो उठतो. भिंतीकडच्या तीन टेबलांना प्लग ठेवा, बाकीच्यांचे बंद करा, आणि गर्दीच्या वेळी ती तीन टेबलं 'अभ्यासाची' म्हणून ठरवून टाका. ओटीपीच्या सिस्टीममध्ये तासाची मुदत घालता येते, ती संध्याकाळी पाच ते आठपुरती घाला, दुपारी नको. दुपारी रिकाम्या कॅफेत चार पोरं लॅपटॉप उघडून बसलेली असणं तुमच्या फायद्याचंच आहे. रस्त्यावरून बघणाऱ्याला कॅफे चालू दिसतं. उरलेल्यांना तुम्ही स्वतः जाऊन 'अजून काही आणू का रे?' विचारा. तुम्ही विचारलंत तर एक सँडविच विकलं जाईल. वेटरने विचारलं तर चिडचिड होईल.

वीज गेली की नेट जाऊ नये म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, हजार-दीड हजारांचा. मात्र राउटर आणि नेटवाल्याचा डबा, दोघांनाही तो जोडलेला असावा; एकालाच जोडून उपयोग नाही. दोन्हींचे अ‍ॅडॉप्टर किती व्होल्टचे आहेत ते त्यांच्यावर वाचून मगच घ्या.

मग नेटवाल्याला बोलवा आणि चार गोष्टी विचारा. दुकानाच्या नावाने कनेक्शन कितीला. ओटीपीचं लॉगिन तुम्ही देता का, की मी पीडीओए शोधू. नोंदी कुणाच्या सर्व्हरवर राहतील, आणि पोलिसांनी मागितल्या तर कोण देणार, हे लेखी मिळेल का. आणि शनिवारी संध्याकाळी सात वाजता नेट गेलं तर फोन कोण उचलणार. तिसऱ्या प्रश्नावर तो 'त्याची काही गरज नाही हो' म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा आणि दुसरा शोधा.